आधी माप, मग बंदूक

प्रिय पोरी,

तुझं पत्र मंगळवारी कराडला पोचलं. चार पानं, त्यात सात बंदुकांची नावं. ट्रॅपच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या खेळाच्या) रेंजवर आणि शिराळ्याच्या शेतावर, दोन्हीकडे चालेल अशी एकच हवी म्हणतेस. पण तुझा हात किती लांब, मान किती उंच, याची एक ओळ नाही. राग आला तो त्याचाच.

शिकारीचं मिटलंच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली, आणि उसात शिरलेल्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढायचा नाही. म्हणजे तुझी बंदूक चकत्यांवरच झिजणार. मग बारा बोअर, वरखाली नळ्यांची, नळी अठ्ठावीस-तीस इंची, चोक (छर्र्यांचा फैलाव ठरवणारं नळीचं अरुंद तोंड) बदलता येणारे. झालं. नावांवरून डोकं शिणवू नकोस.

रायफलला मागे नेम धरायची खाच असते, छर्र्याच्या बंदुकीला नसते. ती जागा तुझ्या डोळ्याने भरायची. गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, जिथे टेकतो तिथे डोळा ठरतो, आणि डोळा ठरेल तिकडेच छर्रे जातात. दस्ता बोटभर लांब असला की खांद्याला येताना काखेत अडकतो. आखूड असला की अंगठा नाकावर आदळतो. ११० मिलिमीटरची चकती पळत असताना चूक सुधारायला वेळ कुठला? म्हणून आधी माप.

वडिलांची दुनाळी मी आठ वर्षं वापरली. अण्णा सहा फुटी, मी साडेपाच. दर रविवारी गालाचं हाड काळंनिळं, आणि पंचवीसात अकरा-बारा चकत्या. वाटायचं, सरावच कमी पडतोय. दस्ता कापू म्हटलं तर थोरला भाऊ म्हणाला, "अण्णांच्या बंदुकीला करवत लावणार?" मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून सलतं. शेवटी रीतसर नोंद करून ती दुसऱ्या परवानाधारकाला विकली. भाऊ दोन दिवाळ्या बोलला नाही. तरी सांगतो, मी चुकलो नाही. पुढच्याच हिवाळ्यात मापाच्या बंदुकीवर एकोणीस चकत्या फोडल्या. हात तेच होते, डोळेही तेच.

तुझ्या आईकडच्या आजोबांची बंदूक घरात आहे, ती टाकवत नाही, हे कळतं मला. पण शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यातली एक जागा तिला द्यायची का, ते तू ठरव. आणि वापरायचीच असेल तर आधी जाणत्या कारागिराला दाखव. जुन्या बंदुकीत काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असलं तर आजचं ७० चं काडतूस आत जातं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब भलताच चढतो.

दुकानात बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघ. मग डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव, आणि डोळे उघड. नळीवरची पट्टी सरळ आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा मणी, तिच्या मधोमध दिसली पाहिजे. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक खाली ठेव, कितीही देखणी असली तरी. दुकानदार म्हणेल, सवय होईल. होत नाही गं. मला आठ वर्षांत झाली नाही.

येत्या रविवारी कराडला ये. टेप काढून ठेवतो. रेंजवर घालणार आहेस तेच जॅकेट घालून ये, कापडाची जाडीसुद्धा मापात धरावी लागते.

तुझा,
काका