जास्त भूक लागणं आनुवंशिक असतं का? त्याने मधुमेहाचा धोका वाढतो का?

असतं. आणि घरात तुम्हाला कोणी 'खादाड' म्हणत असेल तर पुढचं त्यालाही वाचायला द्या.

आमच्या घरात तो मान माझा. चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला बसले होते. वाढपी जिलबी घेऊन आला, तर दादा सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "तिला नको, पुढे चला." मी तेव्हा कॉलेजात होते, समोर नवऱ्या मुलाकडची माणसं. दादा स्वतः काडीसारखा. एकदा जेवला की संध्याकाळपर्यंत त्याला अन्नाची आठवण नसायची. मी तासाभरात फडताळातले डबे उघडून बघायचे. आई म्हणायची, एकाच घरचं अन्न, एकाच पोटची पोरं, ही अशी कशी? दादाचं उत्तर ठरलेलं, "तोंडावर ताबा नाही." सख्ख्या भावंडांतही जीन्स वेगवेगळी वाटली जातात, हे बारावीला बायोलॉजी घेतलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन जठरात तयार होतं. जेवणाआधी चढतं, जेवल्यावर उतरतं. एफटीओ या जीनचा वजनाशी संबंध 2007 साली सापडला. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एफटीओच्या दोन्ही प्रती वजन वाढवणाऱ्या प्रकारच्या असलेल्यांचं वजन, तशी एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलोने जास्त भरलं. पुढे 2013 मध्ये लंडनच्या संशोधकांनी साधारण सारख्याच वजनाचे पुरुष तपासले, तर अशा दोन प्रती असलेल्यांचं घ्रेलिन जेवल्यावरही पुरेसं उतरत नव्हतं. म्हणजे पोट भरलं तरी भूक तशीच. केंब्रिजला 1997 मध्ये तर पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन हे हार्मोनच जन्मतः बनत नसलेली, एकमेकांच्या नात्यातली दोन मुलं सापडली. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यांचा आहार आपोआप कमी झाला. ताबाबिबा कोणी शिकवला नव्हता.

मधुमेहाचं म्हणाल, तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाला भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी संबंध आढळला, आणि तो नुसत्या वजनाने पूर्ण उलगडत नव्हता. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. बारीक दिसणाऱ्या अंगातही अशी चरबी लपलेली असते आणि तिने मधुमेहाचा धोका वाढतो. आपल्याकडच्या बारीक माणसांनी फार मिजास करू नये ती यासाठी.

हां, एक सांगायचं राहिलं. एकेका जीनचा वाटा तसा लहानच असतो, आणि हिंडत्या-फिरत्या माणसांत एफटीओचा परिणाम कमी दिसतो. म्हणून चालायला जाच. जीन टेस्टवर हजारो रुपये घालवू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) करा. जाताना घरातल्या बारीक माणसालाही सोबत न्या. दादा "मला काय धाड भरलीय" म्हणत टाळत राहिला. शेवटी चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनीच त्याला रक्त तपासायला पाठवलं, आणि साखर निघाली. त्याच्या मते ती टेन्शनमुळे आहे.