बाबांना किंडल घ्यावा की टॅब? आधी त्यांच्या कपाटातली दहा पुस्तकं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६८ वर्षांचे, रोज तीन-चार तास वाचणारे, आणि वाचन जवळजवळ सगळं मराठी. वर्षापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाईप आता नकोसा वाटतो, आणि नव्या फ्लॅटमध्ये पुस्तकांना जागा नाही. मग किंडलसारखा ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा की टॅब?

मी गेली बावीस वर्षं मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, म्हणजे डीटीपी. घरी दोन्ही वस्तू आहेत, सहा इंची किंडल आणि दहा इंची अँड्रॉइड टॅब. दोन्ही आईसाठीच घेतल्या होत्या. आई ७४ वर्षांची, तिचीही मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली. त्यातली एक वस्तू तिने चार महिन्यांत मला परत दिली, आणि ती किंडल होती.

'डोळ्यांना त्रास नको असेल तर किंडल' हे उत्तर तुम्हाला जो तो देईल. ते खोटं नाही. किंडलचा पडदा ई-शाईचा, म्हणजे त्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात आणि त्यांत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार तर दुसऱ्यांवर ऋण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तिथेच बसून राहतात. म्हणून बॅटरी मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावल्यावर खर्च होते, आणि एकदा चार्ज केलेला रीडर आठवडे-आठवडे चालतो. पडदा स्वतः उजेड फेकत नाही. २०१२ मध्ये पेपरव्हाइट हे मॉडेल आलं तेव्हा किंडलला दिवा मिळाला, पण तोही कडेने पडद्यावर उजेड पसरवतो. भर दुपारी गच्चीत अक्षर उलट जास्त ठळक दिसतं. टॅबमध्ये तिथे आपलाच चेहरा दिसतो.

झोपेचा मुद्दाही कोणीतरी काढेलच. २०१४ साली हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: झोपण्यापूर्वी चार तास पडद्यावर वाचलं तर झोप उशिरा लागते. 'ई-रीडरने झोप उडते' असा त्याचा बोभाटा झाला. गंमत म्हणजे त्यात वापरलेलं यंत्र आयपॅड होतं, तेही पूर्ण उजेडावर, आणि माणसं होती बारा. शाईच्या पडद्याचा त्याच्याशी संबंध नाही. टॅबवरही रात्री उजेड निम्म्याखाली आणला तर मला तरी फरक पडलेला जाणवत नाही.

आता आईने किंडल परत का दिला ते सांगते. शाईचा पडदा कागदासारखा असतो म्हणतात, पण तो पांढऱ्याशुभ्र कागदासारखा नसतो. तो वर्तमानपत्राच्या कागदासारखा असतो, करड्याकडे झुकलेला. तरुण डोळ्याला तोच मऊ वाटतो. आई मात्र म्हणायची, "अक्षर मोठं केलंस गं, पण काळं कुठे आहे?" दिवा पूर्ण वाढवला, जाड वळणाचा फॉन्ट लावला, तरी तिला टॅबची पांढरी पाटी आणि गडद काळं अक्षरच बरं वाटलं. सगळ्या ज्येष्ठांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ऑपरेशननंतर बाबांना लख्ख उजेड टोचतो की हवाहवासा वाटतो, हे आधी पाहा. दिवसा ते खिडकीपाशी बसून वाचतात की खिडकीला पाठ करून, एवढ्यावरूनही अंदाज येतो. टॅबवर वाचताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, ते मात्र खरं आहे. आईला डॉक्टरांनी त्यासाठी थेंब दिलेत.

पण पडदा ही दुसरी गोष्ट झाली. पहिली गोष्ट आहे फाईल. बाबा इंग्रजी कादंबऱ्या वाचत असते तर मी एका ओळीत 'किंडल घ्या' म्हणून मोकळी झाले असते.

अ‍ॅमेझॉनने भारतात मराठीसह पाच भारतीय भाषांतली ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये. तेव्हापासून तिथे मराठी पुष्कळ वाढलं. नवीन कादंबऱ्या, अनुवाद, चरित्रं, लेखकांनी स्वतःच चढवलेली पुस्तकं, सगळं मिळतं. तरी बाबांच्या वयाचा वाचक जे शोधतो, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातले कथासंग्रह, जुनी प्रवासवर्णनं, संतवाङ्मयावरची जाडजूड पुस्तकं, त्यातलं बरंच तिथे सापडत नाही. काही बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात असतं, पण ते त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं, आणि किंडल रीडरवर बाहेरचं कुठलंही अ‍ॅप चढत नाही. टॅबवर बुकगंगाही चालतं आणि किंडलचं अ‍ॅपही. म्हणजे टॅबला दोन्ही दुकानं उघडी, रीडरला एकच.

उरलेलं सगळं पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान आहे. इंटरनेट अर्काइव्हवर तर जुन्या मराठी पुस्तकांचा डोंगर आहे, कुठे ग्रंथालयाचा शिक्का, कुठे स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्यासकट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ह. ना. आपटे, साने गुरुजी यांचं लेखन मोकळं आहे. मराठी विकिस्रोतावर यातली काही पुस्तकं टाईप केलेली आहेत आणि ती ई-पब या ई-पुस्तकाच्या फाईलप्रकारात उतरवता येतात. ती रीडरवर पाठवली की छान वाहतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. स्कॅन मात्र वाहत नाही. तो पानाचा फोटो असतो.

इथे माझ्या धंद्यातलं गणित सांगते. मराठी पुस्तक सहसा डेमी आकाराचं, पान साडेपाच बाय साडेआठ इंच, मजकूर १४ पॉइंटात. सहा इंची रीडरचा पडदा भरतो सुमारे साडेतीन बाय पावणेपाच इंच. पूर्ण पान त्यात बसवलं की १४ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं होतं, म्हणजे थेट पंचांगाचा टाईप. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवा, आणि शाईचा पडदा दर सरकवण्याला अडखळतो. आडवं धरलं तर जरा जमतं, पण मग पानाचे तीन तुकडे. उलट १०.१ इंची टॅब उभा धरला तर पडदा साधारण ५.३ बाय ८.६ इंच. डेमी पान जवळजवळ जसंच्या तसं. आईने स्कॅन केलेलं पुस्तक पहिल्यांदा टॅबवर उघडलं तेव्हा ती पडद्याच्या कोपऱ्याला बोट ओलं करून लावायला गेली होती.

'पीडीएफ मजकुराची असेल, स्कॅन नसेल, तर किंडलकडे पाठवून रूपांतर करून घ्या' असा सल्लाही मिळेल. मराठीत इथेच घोळ होतो, आणि त्या घोळात आमच्या जमातीचाही हात आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आम्ही पेजमेकर नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर पुस्तकं लावायचो त्याला ती कळत नव्हती. म्हणून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट. ते वरून देवनागरी दिसतात, आतून इंग्रजी कळांचे ठसे असतात. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द फाईलच्या पोटात ई-जे-के-बी-एच असा बसलेला असतो. अशी पीडीएफ रूपांतराला दिली की पडद्यावर तेच उतरतं, पानंच्या पानं. जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलून जी ई-पुस्तकं निघाली, त्यांतही रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला, पहिली वेलांटी एक घर चुकलेली, 'ऱ्या'चा 'र्‍'च गायब, हे प्रकार दिसतात. पैसे देण्याआधी फुकटचा नमुना उतरवून दोन पानं वाचून घ्या. मी स्वतः घेतलेल्या एका कथासंग्रहात 'स्वर्ग' दर वेळी 'र्स्वग' होता.

दिवाळी अंकांचं काही सांगायलाच नको. दोन-तीन रकाने, मध्येच व्यंगचित्र, पानभर जाहिराती. ते टॅबवरच वाचावेत. रंगीत शाईचे रीडर आलेत, पण त्यांचे रंग उन्हात वाळलेल्या कपड्यासारखे फिके असतात.

मधला एक रस्ता आहे, शाईचा पडदा असलेले अँड्रॉइड रीडर. ओनिक्स कंपनीचे बूक्स त्यांत माहितीतले. दहा इंचीही मिळतात आणि त्यांवर बुकगंगाचं अ‍ॅप चढू शकतं. पण किंमत चांगल्या टॅबपेक्षाही वर जाते, आणि तंत्राशी रोज खटपट करायची आवड वाचणाऱ्यालाच हवी. तुम्ही दुसऱ्या शहरात राहता असं लिहिलंय, म्हणून मी तो सुचवत नाही. दर आठवड्याला फोनवरून सेटिंग सांगत बसाल.

टॅबचे तोटे लपवत नाही. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. २०२२ चा साधा किंडल १५८ ग्रॅम. आडवं पडून वाचायची सवय असेल तर टॅब नाकावर पडतो, मी भोगलंय. आईने यावर पोथी ठेवायचा लाकडी स्टँड काढला, ज्ञानेश्वरी शेजारी सरकली आणि टॅब बसला. दुसरा तोटा व्हॉट्सअ‍ॅप. दहा पानं झाली की कुठल्या तरी आत्याचं सुप्रभात येतं, मग फुलं, मग काढ्याची कृती. त्या टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप टाकूच नका, ते फोनवर राहू द्या. किंडलही अगदी चिवट नसतो बरं का. पडद्याखाली पातळ काच असते, पिशवीत डब्याखाली दबला की आतून तडकतो, आणि दुरुस्तीत तथ्य नसतं.

आणखी एक गोष्ट पैसे मोजताना लक्षात असू द्या. किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक कपाटातल्या पुस्तकासारखं आपलं नसतं. २००९ साली अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून ऑरवेलची पुस्तकं हक्कांच्या कारणाने परस्पर पुसली होती. पैसे परत दिले, माफीही मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तर घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद केली. म्हणून बाबांच्या जिवाजवळची, समासात खुणा केलेली पुस्तकं रद्दीत देऊ नका. नव्या फ्लॅटमध्ये एक फळी निघेलच.

तर आता असं करा. बाबांना न सांगता त्यांच्या कपाटातली कुठलीही दहा पुस्तकं काढा आणि किंडलच्या दुकानात शोधा. सात-आठ मिळाली आणि लख्ख उजेड त्यांना टोचत असेल, तर पेपरव्हाइट घ्या. २०२५ मध्ये तो इथे १६,९९९ रुपयांना आला. तीन-चारच मिळाली तर दहा इंची टॅब, आठ इंचीच्या मोहात न पडता. माझ्या अंदाजाने चारच्या वर जाणार नाहीत. यादी उत्तराखाली टाका. त्यातल्या एखाद्या पुस्तकाची जुळणी मीच केलेली निघाली, तर त्याची ई-आवृत्ती का रखडली तेही सांगेन.