‘गॅपबद्दल विचारलं तर काय सांगू?’

छत्रपती संभाजीनगरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांचा हा पहिला प्रश्न असतो, कधी कधी स्वतःचं नाव सांगण्याच्याही आधीचा. पदवी झाली, शहरात खोली घेतली, अभ्यासिकेत एक खुर्ची धरली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची संयुक्त परीक्षा असं करत तीन-चार वर्षं गेली. आता घरून येणारा फोन ‘लागलं का कुठं’ एवढ्यावरच थांबतो. मग वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांत अर्ज सुरू होतात आणि पहिल्याच मुलाखतीत समोरचा माणूस बायोडेटातल्या मोकळ्या वर्षांवर बोट ठेवतो.

अशाच एका मुलाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अंबड तालुक्यातलं गाव, २०२१ साली बी.कॉम. झालेला. वाळूजला स्टोअर असिस्टंटच्या दोन मुलाखती देऊन आला होता, दोन्हीकडून ‘कळवतो’ ऐकून.

“तिथं काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, तसंच्या तसं सांग,” मी म्हटलं.

“तीन वर्षं काय केलं म्हणे. मी सांगितलं, सर, पोलीस भरतीची तयारी केली. मैदानीत पन्नासपैकी एक्केचाळीस होते, लेखीत थोडक्यात गेलं. मग कंबाइन दिली, पूर्व निघाली, मुख्यला राहिलं. मग घरची परिस्थिती...”

मी घड्याळ लावून तेच उत्तर पुन्हा द्यायला सांगितलं. दोन मिनिटं दहा सेकंद लागले, आणि त्यात ‘राहिलं’, ‘गेलं’, ‘जमलं नाही’ मिळून सात वेळा आलं. तो मोजून घाबरला. प्रश्न होता ‘काय केलं’ आणि तो उत्तर देत होता ‘काय झालं नाही’ याचं. ही गफलत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्याच भेटीत ती कागदावर लिहून समोर ठेवते. समोरच्याने विचारलेलं असतं काम. मुलाला ऐकू येतो निकाल, कारण तोच प्रश्न घरचे आणि गावातले गेली तीन वर्षं त्याला विचारत आलेले असतात.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. प्रसंग जेवढा माणसाला खाली ओढतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाला आपण दिलेलं नाव ओढतं, असं मी मानते. या मुलाने तीन वर्षांना ‘वाया’ असं नाव दिलं होतं. ते नाव नुसती समजूत घालून बदलत नाही, त्याला पुरावा लागतो. म्हणून पुढच्या दोन बैठकांत मी धीर दिलाच नाही, फक्त महिने विचारले. जून २०२२मध्ये कुठं होतास? ऑक्टोबरमध्ये? २०२३च्या जूनमध्ये?

“जूनमध्ये अभ्यासिकेत नसायचो. पेरणीच्या टायमाला गावाकडं जायचो.”

“तिथं काय करायचास?”

“काही नाही. मामाच्या दुकानावर बसायचो.”

‘काही नाही’ म्हटलं की मी वही उघडते. मामाचं दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र निघालं. मृगाचा पाऊस झाला की तिथं उभं राहायला जागा नसते. मी विचारत गेले आणि तो आधी कंटाळून, मग हळूहळू पुढे सरकून बोलत गेला. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. कापसाच्या बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. प्रत्येक पाकिटावरचा लॉट नंबर बिलावर लिहायचा, नाहीतर उगवण झाली नाही तर शेतकऱ्याला तक्रारीत काही दाखवता येत नाही. वैधता जवळ आलेला लॉट पुढच्या फळीवर. अनुदानाचं खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, शेतकऱ्याचा अंगठा घेऊनच विकायचं.

“आणि मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही तर?”

तो पहिल्यांदा हसला. “मॅडम, तो तर रोजचाच घोळ. माल गाडीतून उतरतो, पण मशीनवर घ्यायचा राहतो. मग गोदामात गोण्या जास्त अन् मशीनवर कमी. कधी गोणी फाटते, ती कुणी लिहीत नाही. म्हणून मी रात्री दुकान बंद करताना रजिस्टर, मशीन अन् थप्पी तिन्ही जुळवायचो. थप्पीच दहा-दहाची लावायची, म्हणजे मोजायला वेळ जात नाही. फरक निघाला तर त्याच रात्री शोधायचा. सकाळी गर्दीत मग काही सापडत नसतं.”

मी म्हटलं, “तू अर्ज कोणत्या पदासाठी करतोस?”

“स्टोअर असिस्टंट.”

मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं, त्यातल्या ओळी वाचल्या आणि म्हणाला, “हे धरतात का पण? हे तर मपल्या घरचंच दुकान आहे. पगार नव्हता ना.”

या क्षणासाठी मी दोन बैठका महिने मोजले होते. पगार नाही, नेमणूकपत्र नाही, म्हणून ते काम नाही, हा हिशेब आपल्याकडच्या शेतकरी घरांत फार खोल बसलेला आहे. त्या घरांतली मुलं बाजार समितीत कापसाचं वजन करून घेतात, पीकविम्याचे अर्ज भरतात, दूध डेअरीची वही ठेवतात, ठिबकची लाइन दुरुस्त करतात आणि बायोडेटात ‘छंद : क्रिकेट’ लिहितात. कंपनीच्या स्टोअरमध्ये ज्याला ‘फेफो’ म्हणतात, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर, ते हा मुलगा बियाण्याच्या फळीवर करत होता. त्याला फक्त तो शब्द माहीत नव्हता. शब्द शिकायला दहा मिनिटं लागली. रात्री थप्पी मोजायची सवय मात्र त्याने आधीच कमावली होती.

बायोडेटात आम्ही ही ओळ घातली : ‘जून ते ऑगस्ट, २०२२, २०२३ व २०२४. कृषी सेवा केंद्र, ता. अंबड (कौटुंबिक व्यवसाय). साठा नोंदवही, पॉस मशीनवरील विक्री नोंद, लॉट व वैधता तपासणी, रोजचा साठा ताळा.’ ‘कौटुंबिक व्यवसाय’ हे शब्द मी मुद्दाम घालायला लावते. खोटं अनुभवपत्र मिळवून देणारी माणसं सगळीकडे असतात आणि ‘गॅप झाकायला’ म्हणून मुलं त्यांच्याकडे जातात. पडताळणीत पीएफचा यूएएन, म्हणजे कर्मचाऱ्याचा कायमचा क्रमांक, काढला की कुठे किती महिने काम केलं ते दिसतं, मोठ्या कंपनीचं खोटं पत्र तिथेच उघडं पडतं. घरच्या दुकानाची पीएफ नोंद नसणारच, आणि ते आधीच लिहिलेलं असलं की त्यावर कुणी अडत नाही.

मग उत्तर. पाच-सहा वेळा घासून ते असं झालं : “२०२१ला बी.कॉम. झालो. तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. त्याच काळात दर खरिपात मामाच्या कृषी सेवा केंद्रात खत-बियाण्याचा साठा सांभाळला. रोज रजिस्टर, मशीन आणि प्रत्यक्ष माल जुळवायचो. हेच काम मोठ्या प्रमाणावर करायचं आहे, म्हणून स्टोअरच्या पदासाठी अर्ज केला.” वीस-पंचवीस सेकंद. पदवीला एक वाक्य, परीक्षेला एक, कामाला दोन, या जागेला एक. मार्क, कटऑफ, परिस्थिती यातलं काहीही विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

इथे एक गोष्ट मुलांना कळत नाही. गॅपबद्दल विचारणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा वेगळीच शंका असते : नवी जाहिरात आली की हा काम सोडून जाईल का? म्हणून पुढचा प्रश्न ‘अजून परीक्षा देणार का?’ असा येतो आणि तिथे मुलं अडखळतात, कारण त्यांचं स्वतःचंच ठरलेलं नसतं. उत्तर पाठ करण्याआधी निर्णय घ्यावा लागतो. या मुलाने पोलीस भरती सोडायची आणि संयुक्त परीक्षा वयात बसेल तोवर नोकरी सांभाळून द्यायची असं ठरवलं. तेच सांगायचं : “पूर्णवेळ तयारी थांबवली आहे. परीक्षा बहुधा रविवारी असते, कामाच्या दिवसावर परिणाम होणार नाही.” खरं असल्यामुळे ते सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. मुलींना याच जागी लग्नाबद्दल विचारतात. तिथे वाद घालू नये आणि घरची कहाणीही सांगू नये. “माझी राहायची सोय वाळूजमध्ये झाली आहे, शिफ्टची वेळ मला चालते,” हे उत्तर पुरतं, अर्थात ते खरं असेल तर.

अर्जाचं काम याहून सोपं, पण तिथेच जास्त मुलं गळतात. या मुलाने साठ ठिकाणी एकच बायोडेटा पाठवला होता. फाइलचं नाव ‘न्यू रिझ्युम फायनल टू’, ईमेलचा मजकूर रिकामा. असा ईमेल उघडणाऱ्याला कोणत्या पदाचा अर्ज आहे तेही कळत नाही. फाइलला आणि विषयाच्या ओळीला पद, नाव, शिक्षण द्यावं. मजकुरात चार-पाच ओळी पुरतात : कोणतं पद, जाहिरात कुठे पाहिली, त्या कामाशी जुळणारी एक गोष्ट, कधीपासून रुजू होता येईल, फोन नंबर. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफ. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, ‘आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा’ हे सगळं काढून टाकावं, जागा मोकळी होते. साठ अर्जांऐवजी आठवड्याला आठ-दहा, पण प्रत्येकात जाहिरातीतले तीन शब्द शोधून आपल्या कामाची ओळ त्यांना जुळवलेली.

आणि एक वही. तारीख, कंपनी, पद, कोणता बायोडेटा पाठवला, कुणाचा फोन आला, असे पाच रकाने. कंपनीतून फोन येतो तेव्हा मुलगा बसमध्ये किंवा अभ्यासिकेच्या जिन्यात असतो आणि ‘कोणती कंपनी?’ असं विचारून बसतो. पलीकडचा माणूस पुढचा नंबर लावतो. “सर, दहा मिनिटांत शांत जागेवरून फोन करतो,” म्हणायला हरकत नाही, फक्त दहाव्या मिनिटाला करावा. फॉर्म फी, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाने आधी पैसे मागितले तर तो नंबर वहीत लाल शाईने लिहायचा आणि पुन्हा उचलायचा नाही. नोकरी देणारा पैसे मागत नसतो.

इंग्रजीची धास्ती प्रत्येकाला असते. पहिली दोन वाक्यं इंग्रजीत चोख बसवावीत आणि मग “पुढचं मराठीत किंवा हिंदीत सांगू का?” असं सरळ विचारावं. स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता तपासणी यांसारख्या विभागांत बरंचसं बोलणं हिंदी-मराठीतच चालतं. गप्प राहण्यापेक्षा विचारलेलं चांगलं.

तिसऱ्या मुलाखतीला जाताना त्याच्याकडे मूळ कागद, त्यांच्या दोन-दोन प्रती, फोटो, आधार, पॅन आणि बँक पासबुक होतं. आदल्या दिवशी तो एकदा त्या गेटपर्यंत जाऊन आला होता, कारण वाळूजमध्ये फाटकावर नोंद करून आत जायलाच कधी वीस मिनिटं जातात. गॅपचा प्रश्न आलाच. त्याने तेच उत्तर सांगितलं. स्टोअरच्या प्रमुखाने विचारलं, सिस्टिममध्ये बाराशे बोल्ट आणि रॅकवर अकराशे ऐंशी असतील तर काय करशील? तो म्हणाला, “आधी आज आलेला माल सिस्टिमला बरोबर चढला का बघेन. मग बाहेर गेलेल्या मालाच्या स्लिपा. मग खराब म्हणून बाजूला काढलेला माल कुणी लिहिलाय का ते.” उत्तर त्याने मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. त्यात एकही ‘राहिलं’ नव्हतं.

आठवड्याने पुन्हा फोन आला. “मॅडम, लेटर आलंय, पण त्यावर कंपनीचं नाही, ठेकेदाराचं नाव आहे. सही करू का?”

मी म्हटलं, नुसत्या नावावरून ठरवू नकोस. करार किती महिन्यांचा, साप्ताहिक सुट्टी कोणती, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) कुणाच्या नावाने भरणार, पगाराची स्लिप मिळणार का, हे लेखी विचार. मग लिहिलेला पगार वाच. महिन्याचे १८,००० रुपये, त्यात मूळ वेतन १५,०००. मूळ वेतनावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,८००. पगार २१,०००च्या आत, म्हणून ईएसआयसीचे पाऊण टक्का, १३५ रुपये. व्यवसाय कर २००. हातात येतील १५,८६५.

पलीकडे तो पुटपुटत आकडे लिहून घेत होता. मग म्हणाला, “मॅडम, दोन मिनिटं थांबा, खोलीचं भाडं अन् मेस मांडून बघतो.”