वडिलांच्या आठवणींचं पुस्तक वर्डमध्ये लावून छापायचंय. सुबक दिसायला कोणता मराठी फॉन्ट घ्यावा?

फॉन्टचं शेवटी सांगतो. पुस्तक बिघडतं ते ओळींमधल्या जागेत आणि आतल्या, म्हणजे कण्याकडच्या, समासात. आमचं तिथेच बिघडलं.

बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या भटकंतीच्या आठवणी छापायच्या ठरल्या. मांडणी माझी: डेमी आकार (कादंबऱ्यांचा नेहमीचा), 12 पॉइंट अक्षर, ओळीपासून ओळीपर्यंत 18 पॉइंट, आतला समास 20 मिलिमीटर. 128 पानं झाली, म्हणजे 16 पानी आठ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालतात तो एक फर्मा). दादाने हिशेब काढला, 96 पानांत बसवलं तर दोन फर्मे वाचतात. मी ऑफिसात असताना तो शनिवार पेठेत डीटीपीवाल्याच्या शेजारी जाऊन बसला. ओळ 15 वर, समास 10 वर. "पट्टी लावून कोण बघतंय?" हे वर.

मराठीला इंग्रजीचं माप चालत नाही हो. आपल्याकडे डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार एकदम बसतात आणि खाली उकार-ऋकार लोंबतात. वरच्या ओळीतल्या 'कृष्णे'चा पाय खालच्या 'मूर्तींच्या' रफाराला टेकला होता. बाबांनी तो शब्द दोनदा वाचला, मग चष्मा पुसला. त्यात परफेक्ट बाइंडिंग. कण्याकडची कड खरवडून गोंद लावतात, त्यामुळे 10 मिलिमीटरमधलं हातात काय उरणार? बाबा दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक फाकवून वाचायचे. दिवाळीपर्यंत पानं सुटली.

आता फॉन्ट. युनिकोडच घ्या. टिरो देवनागरी मराठी मजकुराला चांगला, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, मथळ्यांना मुक्ता. कुठलाही घेतलात तरी आधी 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी शेजारी छापून बघा. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर हे फारच तपासा. आमच्या पहिल्या प्रुफात बाबा सह्याद्रीच्या दर्यात उतरले होते.

वर्डमध्ये लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' ठेवून आकडा स्वतः टाका. दोन्ही कडा जुळवायचा हट्ट नको. मराठी शब्द लांब, ओळीअखेर तुटत नाहीत, मग मध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. पुस्तकासारखं दिसत नाही म्हणणारे भेटतील, त्यांना दादाचा नंबर द्या. डीटीपीवाला इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा असेल तर त्याला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

हे सगळं परफेक्ट बाइंडिंगचं. शिलाई करणार असाल तर समास थोडा कमी चालेल. आणि छपाईचे पैसे दादानेच भरले होते, तेही कबूल. पण दोन फर्म्यांचे मी देतो म्हटलं होतं, आणि हे तो अजून सोयीस्कर विसरतो. बाबांची प्रत माझ्याकडे आहे, रबरबँड लावून ठेवलेली.