भूकंपात घरचे गेले, देवावरचा विश्वास परत बसतो का? त्याला माफ करावंच लागतं का?

बसतो, पण लई हळू, आन् माफ करायची सक्ती कुणावरच नाही. मी किल्लारीकडचा, 30 सप्टेंबर 1993 ला गणपती विसर्जनाच्याच रात्री, पहाटे चारच्या आत भूकंप झाला, त्यामुळं आमच्या आईनं कैक वर्षं घरात गणपती बसवला नाही, दगडी भिंतीजवळ झोपायची पण नाही, मग एका वर्षी स्वतःच आरतीचं ताट काढून घासायला बसली, कुणी म्हणलं नव्हतं. देवापेक्षा स्वतःला माफ करणं तिला जड गेलं, "मीच कशी वाचले" हेच डोक्यात. फक्त झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर नुसतं देवावर सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.