स्पोर्ट पॅटर्नवर नवा बॉल घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: टेनपिन बॉलिंगमध्ये हाउस शॉटवर (सेंटरमध्ये लेनवर नेहमी घातलं जाणारं सोपं तेल) १९० चा ॲव्हरेज होता, मिशिगनमध्ये समर स्पोर्ट लीग (तेलाच्या अवघड, म्हणजे स्पोर्ट पॅटर्नवरची लीग) धरल्यापासून तो १५५ वर आला. तुम्ही उजव्या हाताने टाकता, रिॲक्टिव्ह बॉल (लेनवर पकड घेऊन वळणारा) एकच आहे. शेजारच्या दोन लेनवर तोच बॉल दोन तऱ्हांनी वागतो, आणि प्रो शॉपमध्ये जास्त हुक होणारा, म्हणजे जास्त वळणारा, नवा बॉल घ्यायला सांगितलंय.

माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका. बॉल कुठे वळतोय हे नजरेला कळायला लागेपर्यंत कुठलाही नवा बॉल तुमच्या हातात जुन्यासारखाच वागेल.

आधी हाउस शॉटने तुम्हाला काय सवय लावलीय ते बघू. लेनच्या रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे लांब पट्ट्या, असतात. हाउस शॉटमध्ये मधल्या बोर्डांवर तेल भरपूर आणि कडेच्या बोर्डांवर अगदी कमी. मध्य आणि कड यांचं प्रमाण दहास एक किंवा त्याहूनही जास्त असतं. त्यामुळे बॉल चुकून उजवीकडे गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, आणि डावीकडे राहिला तर तेलावर घसरत सरळ जातो. दोन्ही चुका पॉकेटमध्येच (१ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या जागेत) जमा. स्पोर्ट पॅटर्नमध्ये हेच प्रमाण तीनास एक किंवा त्याहून कमी असतं. बॉलिंगच्या यूएस ओपन स्पर्धेचा पॅटर्न तर जवळजवळ सपाट म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे उजवीकडे गेलेला बॉल परत येत नाही, १, २ आणि १० नंबरच्या पिना उभ्या ठेवून जातो (याला वॉशआउट म्हणतात). तुमचा हात बिघडलेला नाही. आधी माफ होणारे तीन-चार बोर्ड आता माफ होत नाहीत, एवढंच झालंय.

लीगच्या काउंटरवर पॅटर्नचं शीट मागा, देतात. त्यात तीन गोष्टी बघा: लांबी (तेल किती फुटांपर्यंत आहे), एकूण तेल किती मिलिलिटर, आणि प्रमाण. सुरुवातीला लांबी सगळ्यात कामाची. लांबीच्या फुटांतून ३१ वजा करा; जो आकडा येईल, साधारण त्या बोर्डवर बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४२ फुटांचा पॅटर्न असेल तर उजवीकडून ११ वा बोर्ड. ३६ फुटांचा असेल तर ५ वा, म्हणजे गटरच्या बऱ्यापैकी जवळ. हा अंदाज आहे, कायदा नव्हे, आणि टोकाला तो मोडतो. पीबीए या व्यावसायिक बॉलर्सच्या संघटनेचा बॅजर नावाचा पॅटर्न ५२ फुटांचा. ५२ वजा ३१ म्हणजे २१, पण पॉकेट तर १७.५ वर. तिथे आकडेमोड सोडून आतून शक्य तितकं सरळ खेळायचं, कारण तेल संपल्यावर हुकला जेमतेम आठ फूट उरतात. उलट साधारण ३२ फुटांचा वुल्फ तुम्हाला गटरच्या कडेकडेने टाकायला लावतो.

आता दोन लेन वेगळ्या का वागतात. मशिनने दोन्हींवर सारखंच तेल घातलेलं असतं, पण लेन पूर्ण सपाट कधीच नसते. कुठे इंचाच्या काही सहस्रांशांचा उतार, कुठे खोलगटपणा, आणि नियमातही तेवढी सूट आहे. त्यात आदल्या बॉलर्सनी कुठून टाकलं याचा फरक पडतो. म्हणून डाव्या लेनचा हिशेब वेगळा आणि उजव्या लेनचा वेगळा ठेवायचा. पाय कुठे होते, नजर लेनवरच्या कुठल्या ॲरोवर (बाणाच्या खुणेवर) होती, बॉल कुठे वळला, हे दोन्हींसाठी वेगवेगळं लक्षात ठेवा. सरासरी काढून मधलीच जागा धरणारे लोक दोन्हीकडे चुकतात. हे मी लीगमध्ये दर आठवड्याला बघतो.

बॉल कुठे वळतो ते बघायचं म्हणजे पिनांकडे बघायचं नाही. अवघड आहे, कारण सगळा जीव पिनांत असतो. पण नजर ३५ ते ४५ फुटांच्या पट्ट्यावर ठेवा. तुम्ही लिहिलंय की पॉकेटला लागूनही १० नंबरची पिन सारखी उभी राहते. पुढच्या वेळी ६ नंबरची पिन काय करते ते बघा. ती १० च्या मानेभोवती फिरून भिंतीकडे गेली तर बॉल बरा होता, एखाद्या बोर्डाचा फरक. पण ६ नंबरची पिन १० च्या पुढ्यातल्या गटरमध्ये मलूल आडवी पडली, तर बॉल पिनांना लागून उजवीकडे ढकलला जातोय. उत्तम स्ट्राइकमध्ये (पहिल्याच बॉलला दहाही पिना) बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. ढकलला गेलेला बॉल तिथवर पोचतच नाही.

अशी १० नंबरची पिन उभी राहायला दोन अगदी उलट कारणं असतात. एक, बॉलने लवकर पकड घेतली, ३५ फुटांपाशीच वळला आणि पॉकेटपर्यंत त्याचा दम संपला. दोन, बॉल शेवटपर्यंत घसरतच राहिला, वळायला जागाच मिळाली नाही. पिना दोन्हीकडे सारख्याच दिसतात, उपाय मात्र विरुद्ध आहेत. पहिल्यात पाय डावीकडे सरकवून जास्त तेलात जायचं किंवा गुळगुळीत बॉल घ्यायचा. दुसऱ्यात उजवीकडे सरकायचं किंवा खरखरीत बॉल घ्यायचा. नुसता स्कोअर ऐकून ‘जास्त हुकचा बॉल घ्या’ हा सल्ला यातल्या एकाच कारणाला लागू पडतो.

तिसऱ्या गेममध्ये बॉल हेडपिनवर (१ नंबरच्या पिनेवर) भरून लागतो, असंही तुम्ही म्हणता. ते बहुतेक बर्न आहे. रिॲक्टिव्ह बॉल तेल शोषतात आणि सगळे एकाच वाटेने टाकत असले की ती वाट कोरडी होते. पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे, आणि लगेच, तिसरी फ्रेम (गेममधली पाळी) वाया जायच्या आत. संघात प्लॅस्टिक किंवा युरेथेनचे (तेल न शोषणारे) बॉल टाकणारे जास्त असतील तर उलट होतं, तेल पुढे वाहून जातं आणि बॅकएंड (लेनचा पिनांजवळचा भाग) मेल्यासारखा होतो. म्हणून तुमच्या वाटेवर कोण काय टाकतंय तेही बघत चला. डावखुऱ्यांची बाजू सहसा हळू बदलते, त्यांच्या बॉलवरून अंदाज बांधू नका.

बॉल परत आला की पुसायच्या आधी त्यावरची तेलाची वर्तुळं नीट बघा. एकमेकांपासून दूरदूर उमटलेली, तुकतुकीत वर्तुळं म्हणजे बॉल दर फेऱ्याला नवा पृष्ठभाग तेलावर टेकवतोय. तिसऱ्या गेमला हीच वर्तुळं फिकी दिसायला लागली तर तुमच्या वाटेवरचं तेल उडालंय.

आता खर्चाची गोष्ट. २०० डॉलरच्या बॉलआधी बॉलचा पृष्ठभाग घासायचे अब्रालॉनचे दोन-तीन पॅड घ्या: ५००, २००० आणि ४०००. आकडा जितका लहान तितका पॅड खरखरीत. माझ्या मते बॉलच्या वागण्यात पहिला वाटा पृष्ठभागाचा, मग कव्हरस्टॉकचा (बाहेरच्या कवचाच्या मटेरियलचा), आणि आतल्या कोअरचा त्यानंतर. कॅरमच्या बोर्डवर बोरिक पावडर टाकली की तोच स्ट्रायकर वेगळा पळतो, तसंच. पॅड ओला करा, बॉलच्या चार बाजूंना सारखा वेळ आणि सारखा दाब द्या, दर वेळी बॉल पाव फेरा फिरवा. लांब आणि भरपूर तेलाच्या पॅटर्नला २००० पर्यंत आणून बघा. तुमचाच जुना बॉल दोन-तीन फूट आधी लेन वाचायला, म्हणजे पकड घ्यायला, लागेल. हे काम घरी किंवा सरावाच्या वेळात उरका, कारण स्पर्धा सुरू झाली की पॅड चालत नाही. तेव्हा फक्त कोरडा टॉवेल. आणि हे फिनिश टिकत नाही, काही गेममध्येच गुळगुळीत होतं, तेव्हा पुन्हा करावं लागतं.

एवढं करूनही बॅग वाढवायची असेल तर माझा क्रम असा. आधी प्लॅस्टिकचा स्पेअर बॉल (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला). मग मध्यम ताकदीचा, सिमेट्रिक (समतोल आकाराच्या) कोअरचा सॉलिड (मोतिया झाक नसलेल्या कवचाचा) रिॲक्टिव्ह, ज्याच्यावरून लेन वाचता येते. तिसरा पर्ल (कवचाला मोतिया झाक असलेला), लेन सुकल्यावर काढायला. छोट्या पॅटर्नसाठी युरेथेन छान, पण तो सगळ्यात शेवटी घ्या. प्रो शॉपमध्ये भिंतीवर टांगलेला सगळ्यात आक्रमक असिमेट्रिक बॉल स्पोर्ट पॅटर्नवर तुमच्या प्रत्येक चुकीला मोठं करून दाखवेल.

हाताबद्दल थोडक्यात. तेल जास्त असलं की लोक मनगट पिळून जास्त फिरवायला जातात, आणि बॉल आणखी घसरतो. उलट तळहात बॉलच्या मागे ठेवा, बोटं सरळ वर काढा, वेग किंचित कमी करा. बॉल लवकर लोळायला लागतो आणि दिशाही टिकते. स्पोर्ट पॅटर्नवर सरळ वाटेने खेळणं हेच खरं कौशल्य आहे. पंधरा बोर्ड बाहेर फेकून परत आणणं हाउस शॉटवर ठेवून या.

स्पेअरचा विषय तुम्ही काढलाच नाहीत, पण १५५ चं सगळ्यात मोठं कारण तिथेच असेल असं मला वाटतं. एकही स्ट्राइक न टाकता दहाही फ्रेममध्ये नऊ आणि स्पेअर, शेवटी नऊ: बरोबर १९०. हुक होणारा बॉल घेऊन १० नंबरच्या मागे लागलात तर तेलाचा प्रश्न स्पेअरलाही येतो. प्लॅस्टिक घ्या, डाव्या कडेला उभे राहा, मधल्या ॲरोवरून तिरपा आणि सरळ. प्लॅस्टिकला तेल असलं काय, नसलं काय, फारसा फरक पडत नाही.

या आठवड्याच्या पॅटर्नचं शीट मिळालं की लांबी आणि मिलिलिटर इथे टाका. तुमच्या बॉलवर सध्या काय फिनिश आहे तेही लिहा. मग सुरुवातीला पाय कुठे ठेवायचे आणि नजर कुठल्या ॲरोवर, ते आकड्यांत बोलता येईल.