चॅप्टरच्या नावाने कायम निधी : ५० हजार डॉलर आत्ताच द्यावेत का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५८, पत्नी ५५, मुक्काम मिशिगन. १९९२ मध्ये तिथेच एम.एस. करताना टाऊ बीटा पाय या अभियांत्रिकीतल्या ऑनर सोसायटीचं, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांना निवडून घेणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व मिळालं. आता त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थी चॅप्टरसाठी, म्हणजे सोसायटीच्या तिथल्या शाखेसाठी, आईच्या नावाने ५०,००० डॉलरचा एन्डाउमेंट फंड, म्हणजे कायम निधी, उभा करायचा आहे. दोघांचं एकत्रित उत्पन्न २ लाख ८० हजार. ४०१(के) आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांत मिळून ११ लाख. बाहेरच्या ब्रोकरेज खात्यात १ लाख ६० हजार, त्यातले ७० हजार कंपनीच्या शेअरमध्ये. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी, ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले पैसे वजा जाता ३५ हजार कमी पडणार. ६२ व्या वर्षी निवृत्त व्हायचा विचार आहे. पत्नीच्या नोकरीत आरोग्य विमा नाही. विचारलंय असं : द्यावेत का, कसे द्यावेत, आणि महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना प्राधान्य ठेवता येईल का?

द्या, पण ५० हजार नकोत, आणि पहिल्याच दिवशी कायम निधीतही नकोत.

तुमच्या ११ लाखांकडे पाहून हा निर्णय सोपा वाटतो. खरा ताण त्या १ लाख ६० हजारांवर येणार आहे. मुलीचे ३५ हजार गेले की उरतात सव्वा लाख. त्यातून ५० गेले की ७५. आणि ६२ ते ६५ ही तीन वर्षं तुम्हाला, तर तब्बल सहा वर्षं पत्नीला, मेडिकेअरशिवाय, म्हणजे ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याशिवाय, काढायची आहेत, कारण त्या तुमच्याहून तीन वर्षांनी लहान. त्या काळातला विमा स्वतःच्या खिशातून भरायचा. उत्पन्न वाढलं की विम्यावरची सरकारी सवलत घटते, म्हणून त्या वर्षांत आयआरएतून मोठी रक्कम काढणं महागात पडतं. ब्रोकरेज खातं हाच तुमचा पूल आहे. कायम निधीला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, नोकरी गेली तरी नाही. म्हणून आत्ताची मर्यादा २५ हजार. उरलेल्या २५ हजारांची सोय दुसऱ्या खात्यातून होते, ती खाली सांगतो.

आता ज्यासाठी पैसे द्यायचे ती गोष्ट. टाऊ बीटा पायची स्थापना १८८५ ची, लीहाय विद्यापीठातली. मुख्यालय टेनेसीत नॉक्सव्हिलला. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या वर्षात वर्गातला वरचा आठवा हिस्सा आणि शेवटच्या वर्षात वरचा पाचवा हिस्सा एवढ्यांनाच पात्रता (तुमच्यासारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निकष वेगळे), त्यावर चारित्र्याची कसोटी. चॅप्टरचं रोजचं काम मात्र साधं असतं : खालच्या वर्गांसाठी फुकट शिकवणी, शाळकरी मुलांसाठी प्रयोगांचे संच, वार्षिक अधिवेशनाला एक प्रतिनिधी पाठवणं, नव्या सदस्यांचा समारंभ आणि जेवण. काही चॅप्टरांत नव्या सदस्याला पितळेचा ओबडधोबड ओतीव ‘बेंट’ देतात, म्हणजे पुलाच्या टेकूच्या आकाराचं सोसायटीचं चिन्ह. कानशीने घासून तो चकचकीत करून आणायचा. असा खर्च हजार-दोन हजार डॉलरांतला, पण दरवर्षी न चुकता येणारा. त्यामुळे कायम निधीची कल्पना पटकन पटते.

हिशेब मात्र कागदावर मांडून पाहा. बहुतेक संस्था निधीच्या गेल्या तीन वर्षांच्या, म्हणजे १२ तिमाह्यांच्या, सरासरी मूल्याच्या ४ ते ५ टक्के रक्कम दरवर्षी खर्चाला देतात. ४ टक्के धरले तर ५० हजारांवर २,००० डॉलर आणि २५ हजारांवर १,०००. पहिल्या वर्षी बहुधा काहीच मिळत नाही. निधी विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे, म्हणजे देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ठेवलात तर बऱ्याच ठिकाणी येताक्षणी एकदाचं शुल्क कापतात आणि दरवर्षी एक टक्क्याच्या आसपास प्रशासन खर्च वेगळा घेतात. समजा परतावा साडेसहा टक्के, खर्चाला ४ आणि प्रशासनाला १. मुद्दल वाढणार दीड टक्क्याने, आणि महागाई ३ टक्के. २४ वर्षांनी तुमचे २,००० झालेले असतील सुमारे २,८६०, पण तोच खर्च ४,०७० च्या आसपास गेलेला असेल. निधी ‘कायम’ राहतो तो कागदावर, त्याची ताकद आटत जाते. म्हणून प्रशासन शुल्क किती, हा प्रश्न नाव कोणाचं लावायचं याच्या आधी विचारा.

त्याहून मोठी अडचण माणसांची. विद्यार्थी चॅप्टरचे पदाधिकारी दरवर्षी मे महिन्यात पदवी घेऊन निघून जातात. प्राध्यापक सल्लागाराने विद्यापीठ बदललं आणि पुढची कार्यकारिणी वेळेत निवडली गेली नाही, की दोन वर्षांत चॅप्टर झोपतो. बँक खात्यावर सही असते वीस वर्षांच्या खजिनदाराची. तो कॅलिफोर्नियाला नोकरीला गेला आणि सही बदलायची राहिली, की खात्यात पैसे असून काढता येत नाहीत. चॅप्टर मरतो तो बहुधा पैशावाचून नाही, हस्तांतरावाचून. म्हणूनच चॅप्टरच्या स्थानिक खात्यात मोठी रक्कम कधीही टाकू नका, आणि कोणा विद्यार्थ्याच्या व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपवर तर अजिबातच नाही. तिथे ना पावतीचा भरवसा, ना वजावटीचा.

मग निधी ठेवायचा कुठे? जागा दोन : सोसायटीचं मुख्यालय किंवा विद्यापीठाचं फाउंडेशन. फाउंडेशनकडे गुंतवणुकीचा गाडा मोठा, पण तिथे तुमचा निधी हजारो निधींतला एक, आणि किमान रकमेची अट बहुधा २५ किंवा ५० हजारांची. चॅप्टर बंद पडला तर पैसे विद्यापीठातच राहतात. मुख्यालयाकडे ठेवलात तर ते सोसायटीच्याच कामात राहतात, आणि चॅप्टर पुन्हा उभा करण्याची गरजही त्यांनाच असते. माझा कल मुख्यालयाकडे. तरी आधी दोन तपासण्या करा. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावरच्या करमुक्त संस्थांच्या शोधयादीत संस्थेचं नाव ५०१(सी)(३) या धर्मादाय संस्थांच्या कलमाखाली आहे ना ते पाहा. सगळ्याच ऑनर सोसायट्या त्या कलमाखाली असतील असं धरून चालू नका. मग संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे तिचं वार्षिक विवरणपत्र, उघडून शेड्यूल डी मधला पाचवा भाग वाचा. कायम निधीची सुरुवातीची शिल्लक, नव्या देणग्या, परतावा, खर्च आणि अखेरची शिल्लक, पाच वर्षांची, एका तक्त्यात मिळते. मी कुठल्याही चकचकीत माहितीपत्रकापेक्षा या तक्त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आता कर. २०२६ पासून नियम बदलले आहेत, जुन्या सवयीने हिशेब करू नका. विवाहित जोडप्याचं २०२६ चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठरलेली वजावट, ३२,२००. तुमचा राज्य कर, घरपट्टी आणि गृहकर्जाचं व्याज मिळून समजा २८,००० होतं, म्हणजे देणगीशिवाय आयटमाइझ करण्यात, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेण्यात, अर्थ नाही. शिवाय आयटमाइझ करणाऱ्याच्या देणगीतला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतका पहिला भाग वजावटीत धरतच नाहीत. तुमच्या बाबतीत ते १,४०० डॉलर.

एकाच वर्षी २५ हजार दिले तर मोजले जातात २३,६००. अधिक २८,००० म्हणजे ५१,६००. स्टँडर्डपेक्षा जास्त १९,४००. तुमच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात संघराज्य कर वाचतो ४,६५६ डॉलर. हेच पैसे दरवर्षी ५,००० असे पाच वर्षं दिले, तर कुठल्याच वर्षी स्टँडर्डची रेघ ओलांडत नाही. मिळते ती फक्त आयटमाइझ न करणाऱ्यांसाठीची रोख देणगीवरची २,००० पर्यंतची वजावट, म्हणजे वर्षाला ४८० आणि पाच वर्षांत २,४००. तेव्हा एकगठ्ठा देणं बरं. मिशिगनच्या राज्य करात मात्र याचा काही फायदा नाही.

रोख देण्यापेक्षा शेअर द्यावेत, हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुतांशी खरा आहे. २५ हजारांच्या शेअरची मूळ किंमत ६,००० असेल, तर आज विकल्यास १९,००० च्या नफ्यावर १५ टक्के, वर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक कर आणि मिशिगनचे ४.२५ टक्के, एकूण ४,३८० च्या आसपास. शेअर थेट दिले की हे भरावे लागत नाहीत आणि वजावट पूर्ण बाजारभावाने मिळते. पण तुमच्या बाबतीत एक मेख आहे. ६२ ते ६५ मध्ये तुमचं करपात्र उत्पन्न खाली आलेलं असेल. जोडप्याचं करपात्र उत्पन्न सुमारे ९८,९०० च्या (२०२६ ची मर्यादा) आत असेल, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर संघराज्य कर शून्य असतो. म्हणजे तेच शेअर तेव्हा तुम्ही जवळपास कर न भरता विकू शकाल. ७० हजारांचे सगळेच शेअर देऊन टाकू नका. सर्वांत कमी मूळ किमतीला घेतलेले शेअर निवडून द्या, बाकीचे पुलासाठी राहू द्यात. आरएसयू, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर, असतील तर व्हेस्ट होऊन (तुमच्या मालकीचे होऊन) वर्ष उलटलेलं हवं. ईएसपीपीचे, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर खरेदी योजनेतले, असतील तर खरेदीपासून एक आणि ऑफरपासून दोन वर्षं.

शेअर पाठवताना होणारी ठरलेली चूक म्हणजे ते निनावी पोहोचतात. ब्रोकर डीटीसी या शेअर हस्तांतराच्या यंत्रणेतून शेअर पाठवतो, त्यावर देणाऱ्याचं नाव बहुधा नसतं, आणि संस्थेच्या हिशेबनिसाला कळत नाही की हे कोणी पाठवले. त्याच दिवशी संस्थेला मेल टाका : कुठला शेअर, किती नग, कुठल्या ब्रोकरकडून, कशासाठी. देणगीची तारीख म्हणजे शेअर त्यांच्या खात्यात पोहोचले तो दिवस, तुम्ही फॉर्मवर सही केलीत तो नव्हे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर हा खेळ करू नका. वजावट त्या दिवशीच्या उच्च आणि नीच भावाच्या सरासरीने धरतात. देणगी ५०० डॉलरच्या वर असल्याने रिटर्नबरोबर फॉर्म ८२८३ चा पहिला विभाग भरायचा, आणि रिटर्न भरण्याआधी लेखी पोच हातात हवी.

माझा क्रम असा. या वर्षी २५ हजारांचे शेअर डोनर ॲडव्हाइज्ड फंडात टाका, म्हणजे अशा धर्मादाय खात्यात, जिथे पैसे आज द्यायचे आणि कुठल्या संस्थेला जावेत ते पुढे सुचवायचं. वजावट याच वर्षी, आणि पैसे चॅप्टरपर्यंत कसे जातात हे पाहायला तुम्हाला वेळ. शुल्क साधारण ०.६ टक्के, तुमच्या रकमेवर वर्षाला दीडशे. त्यातून तीन वर्षं दरवर्षी २,५०० सोसायटीच्या मुख्यालयाला, उद्देशाच्या रकान्यात चॅप्टरचं नाव घालून. चॅप्टरपुरती रक्कम बाजूला ठेवतात का, ते आधी लेखी विचारा. कायम निधीतून मिळाले असते त्याच्या अडीचपट पैसे मुलांना आजच मिळतात. या तीन वर्षांत दोन गोष्टी बघा : दरवर्षी पानभर हिशेब येतो का, आणि सल्लागार प्राध्यापक तेच आहेत का. आले आणि आहेत, तर उरलेले १७-१८ हजार कायम निधीत द्या, किमान रकमेला कमी पडले तर थोडी भर घाला. नाहीच जमलं तर दुसरा चॅप्टर निवडायला तुम्ही मोकळे. या फंडातून दिलेल्या पैशांवर मेजवानीचं तिकीट घेऊ नका, ते नियमबाह्य आहे. आणि सोसायटीशी आधी बंधनकारक वचनपत्र करून मग ते या फंडातून फेडायला जाऊ नका.

दुसरे २५ हजार आयआरएच्या वारसनोंदीतून. आयआरए मुलीला गेली तर दहा वर्षांत ती रिकामी करून त्यावर तिला तिच्या दराने कर भरावा लागेल. संस्थेला तोच डॉलर पूर्ण पोहोचतो. मृत्युपत्राला हात लावायची गरज नाही, कस्टोडियनच्या, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर टक्केवारी लिहायची, आणि हवी तेव्हा बदलता येते. ४०१(के) मधून द्यायचे तर पत्नीची लेखी संमती लागते, म्हणून आयआरए सोपी. आणि साडेसत्तर वर्षांचे झालात की आयआरएतून थेट संस्थेला देता येतं. २०२६ ची त्याची मर्यादा वर्षाला १,११,००० आहे. ती रक्कम उत्पन्नात धरली जात नाही, पण डोनर ॲडव्हाइज्ड फंडात मात्र टाकता येत नाही.

करारपत्राची वेळ येईल तेव्हा उद्देश रुंद लिहा. ‘नव्या सदस्यांच्या समारंभाच्या जेवणासाठी’ असं लिहिलंत आणि पुढे समारंभ जेवणाविना होऊ लागला, की पैसे अडकतात. ‘चॅप्टरच्या शिकवणी, शाळा-उपक्रम, प्रवास व प्रशासनासाठी’ असं लिहा. न वापरलेली रक्कम दोन वर्षांनी मुद्दलात मिळवावी. चॅप्टर सलग दोन वर्षं निष्क्रिय राहिला तर रक्कम राज्यातल्या दुसऱ्या चॅप्टरला, पाच वर्षं राहिला तर सोसायटीच्या सामाईक निधीला. हे कलम नसेल तर पुढे कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. निधीचं मूल्य मुद्दलाच्या खाली गेलं तर खर्चाचं काय, तेही विचारून घ्या. आईच्या नावाला कोणाची हरकत नसते. तिचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते मात्र एकदाच ठरवून द्या, नाहीतर फलकावर एक आणि अहवालात दुसरं येतं.

महाराष्ट्रातल्या मुलांना प्राधान्य ही अट घालू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि मूळ राष्ट्र यांवरून भेद करायला मनाई करतं. विद्यापीठाचा वकील ते वाक्य खोडेल, किंवा अख्खा करार परत पाठवेल. भाच्या-पुतण्याला मदत व्हावी अशी अट तर वजावटीच्याच मुळावर येते.

सध्या करायचं काम एवढंच : सोसायटीच्या विकास कार्यालयाला मेल टाकून पाच गोष्टी लेखी मागवा. किमान रक्कम, खर्चाचा दर, प्रशासन शुल्क, डीटीसीची माहिती, आणि तुमच्या चॅप्टरने गेल्या तीन वर्षांत किती नवे सदस्य घेतले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा मेल पाठवा. पाचव्याचं उत्तर शून्य आलं तर पैसे आणखी एक वर्ष तुमच्याच फंडात राहू देत.